नारिंगीचे दोन थेंब

बहिणीला पार्लरमध्ये सोडायला म्हणून तो आला आणि भलतीकडेच अडकला. सुईने भुवया रंगवून देणारी ती पोरगी त्याच्या डाव्या भुवईकडे अशी टक लावून बघत राहिली, की शेवटी बहिणीलाच खाकरावं लागलं. लहानपणी भाजल्याचा व्रण होता तिथे. भुवई अर्धीच उरलेली. "भरून देऊ?" तिने विचारलं आणि स्वतःच लाजली. तो एका दुकानात भिंतींचे रंग कालवून द्यायचा. म्हणाला, आधी रंग दाखवा, मग बघू.

त्वचेला रंग सोसतो का, ते कानामागे ठिपका देऊन बघतात. एका फेरीत उरकणाऱ्या या कामाला त्याने चार फेऱ्या घातल्या, आणि तिनेही घालू दिल्या. बोलता बोलता तिने समजावलं, की व्रणात नुसता तपकिरी भरला तर पुढे निळसर करडा दिसतो, म्हणून त्यात नारिंगीचे दोन थेंब हवेतच.

कामाच्या दिवशी मात्र तिची पार तारांबळ उडाली. इतक्या जवळून बघत होता तो… डोळे मिटा म्हटलं, तरी मिटेना. तो गेल्यावर तिने ट्रे आवरायला घेतला. नारिंगीच्या बाटलीचं सील जसंच्या तसं होतं.

महिन्याभराने रंग पक्का करायला तो येणारच होता; त्या खेपेला गुपचूप दुरुस्त केलं असतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तोवर हा निळी भुवई घेऊन फिरणार आणि आपण त्याच्याशी गोड हसणार? छे. आणि सांगितलं, तर तो पुन्हा तोंड दाखवणार नाही… दोन दिवस ती हेच घोळवत राहिली. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. रंगाचे डबे घुसळणारं यंत्र थडथडत होतं.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "नारिंगी घालायची राहिली. दुरुस्त करून देईन, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे पाठवीन. पण लपवून तुमच्याशी बोलता येणार नाही मला."

त्याने यंत्र बंद केलं. डब्याचं झाकण ठोकून घट्ट बसवलं – तिला वाटलं, संपलं सगळं.

"बाटली उघडली नव्हती, ते दिसलं होतं मला," तो म्हणाला.

आता चिडायची पाळी तिची होती. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो… तर तुझा हात माझ्या कपाळावरून निघाला असता."

तिचा हात आपसूक वर गेला. पण भुवई अजून भरून यायची होती, तिला पंधरा दिवस हात लावायचा नसतो. म्हणून तिने तो त्याच्या गालावर ठेवला.