रोज एक थर

मयुरा दुकानात शिरली ती लाटणं घ्यायला. नेमका त्याच वेळी सुजयनं शिसमाचा एक ठोकळा भंगारात भिरकावला आणि तो घरंगळत तिच्या पायाशी येऊन थांबला. ठोकळ्याला वीतभर भेग होती, एक कड किड्यानं पोखरली होती... पण भेगेशेजारच्या रेषा अशा सुरेख वळल्या होत्या की तिनं तो उचललाच.

"इसे क्यों फेंका, भैया?"

"फटा है जी. मशीन पे चढ़ाया तो टुकड़ा सीधा मुँह पे आएगा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो गं आई, लाटणंच बघतेय," ती म्हणाली, आणि सुजयचा हात लाकूड कातायच्या लेथवरच थबकला.

"तुम्ही मराठी?" तो जरा अडखळतच बोलला. "आमचं घर इथल्याच गुरसरायचं, मूळचं मराठी. मराठी समजते पूर्ण... बोलताना फजिती होते."

"होऊ दे. या भेगेत रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारी राळ ओतली, तर हे लाकूड वाया जाणार नाही. मी व्हिडिओत पाहिलंय."

"मग शिकवा, मयुराजी," फोनवर आईनं मारलेली हाक ऐकून नाव कळलेला सुजय म्हणाला. "फक्त ते भैया बंद करा."

ती आठ जूनची दुपार होती. उन्हानं झाशीचा सदर बाजार ओस पडला होता, आणि मयुरा जवळच्याच लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासत असल्यानं जेवणाच्या सुट्टीत यायला तिला पाच मिनिटं पुरत. मात्र मुळातच दिवस मोजके होते. तिचे वडील नीलकंठराव रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. तीस तारखेला क्वार्टर रिकामं करून सगळ्यांनी भुसावळला जायचं ठरलं होतं. लाटणंही तिकडच्याच स्वयंपाकघरासाठी हवं होतं. सुजयची गोष्ट वेगळी. त्याच्या घरी सगळ्यांनी कचेरीत लेखणी चालवली, यानं मात्र कारकुनी सोडून पत्र्याच्या छपराखाली लेथ मांडली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलाय, असं घरचे म्हणत. त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही.

पहिला प्रयत्न सुजयनं भंगारातल्या दुसऱ्याच एका तुकड्यावर, अंदाजानं केला. डब्यात रेझिन, वरून ते घट्ट करणारं हार्डनर, काडीनं ढवळलं, झालं. तीन दिवसांनीही बोट लावलं की गुळाच्या पाकासारखं चिकटायचं.

"दोनाला एक असं वजन करायचं असतं," मयुरा म्हणाली.

"आमची आई भाजीत मीठसुद्धा मोजत नाही."

"भाजी खाऊन संपते. हे आयुष्यभर राहतं."

दुसऱ्या दिवशी ती पर्समधून छोटा वजनकाटा घेऊन आली. त्यांनी आणखी एक ठोकळा घेतला. तारेच्या ब्रशनं भुसभुशीत लाकूड काढलं, उन्हात वाळवलं, ठोकळा ठेवायच्या साच्याला आतून टेप लावली, निळा रंग कालवला आणि ओतलं. लाकूड आरामात वर येऊन तरंगू लागलं. ते खाली दाबून धरायचं असतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मग चार हात एकदमच साच्यात गेले. निळी बोटं पुसताना दोघांनीही नको तितका वेळ लावला.

तिसऱ्यांदा त्यांनी तो पहिला, पोखरलेला ठोकळा घेतला, साच्याच्या तळाशी स्क्रूनं घट्ट बसवला. या वेळी सुजय फार जपून वागू लागला. रोज एकच थर, तोही पापडाएवढा पातळ.

"जाड ओतलं तर तापून धूर निघेल," तो म्हणे. "झाशीचं ऊन आहे हे..."

मयुरा मान डोलवी आणि उद्या येते म्हणे. थर वाळेपर्यंत गप्पा होत. त्याला तिच्या हसण्याची, तिला त्याच्या तुटक मराठीची सवय लागली. तिला तो आवडला होता, हे तिनं मनाशी केव्हाच कबूल केलं होतं. तो बोलेल, याची ती वाट पाहत होती. आणि इथंच घोडं पेंड खात होतं.

सत्तावीस तारखेला साचा अजून अर्धाच भरला होता. मयुरानं बरणीत रेझिन आणि हार्डनर वजन करून घेतलं, शांतपणे ढवळलं आणि सगळंच्या सगळं एकदम ओतून टाकलं.

सुजय बघतच राहिला. "अहो... धूर..."

"निघणार नाही. दोन इंचांपर्यंत एकदम ओतता येतं. बाटलीवर लिहिलंय."

त्यानं मान खाली घातली. कानापर्यंत लाल झाला. "केव्हा वाचलंत?"

"पहिला थर ओतलात त्याच दिवशी."

"तरी रोज आलात?"

"आले. पण आता उद्या यायला काही कारण उरलं नाही. तीस तारखेला ट्रक येतोय, सुजय."

बाहेर एक ऑटो खडखडत गेली. त्यानं कापडाला हात पुसले, पुन्हा पुसले.

"मी नोकरी सोडलेला माणूस... तुमच्या बाबांना काय सांगू?"

"बाबांचं मी बघेन. तुम्हाला मला काय सांगायचंय?"

"रुक जाइए," तो पुटपुटला. मग, त्याला ते पुरेसं वाटलं नसावं, मान वर करून मराठीत म्हणाला, "जाऊ नका, मयुरा. मला तुमच्याशिवाय करमणार नाही."

आनंदाच्या भरात ती नुसतीच "बरं" म्हणाली आणि लॅबकडे निघाली.

संध्याकाळी घरभर खोकी पसरली होती. नीलकंठराव सुतळी बांधत होते. मयुरानं समोर बसून सांगितलं की ती झाशीतच राहणार, मैत्रिणीबरोबर खोली बघितली आहे.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. विनातिकीट माणूस तोंड उघडण्याआधी ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. "लॅबची नोकरी एवढी आवडते?"

"नाही, बाबा. लाकूड कातणारा एक माणूस आवडतो."

सुतळी हातातच राहिली. आतल्या खोलीतला भांड्यांचा आवाजही थांबला.

"तो काय म्हणतो?"

"जाऊ नका म्हणाला."

"एवढंच?"

"एवढं बोलायला त्याला एकोणीस दिवस लागले."

नीलकंठरावांनी गाठ मारली, ओढून पाहिली. "मग उद्या रविवारी सकाळी सातलाच बोलाव त्याला," ते म्हणाले. "जेवणापर्यंत तरी मुद्द्यावर येईल."