कमल आत्रामची जबानी

माणिकपेठच्या जिल्हा ग्रंथालयात त्या रविवारी दोन लेखकांचा संवाद ठेवला होता. विषय जुनाच, साहित्यात ‘प्रयोग की चळवळ?’. सभागृहात साठ-सत्तर माणसं होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर वाचनपट होता. छापील पुस्तकं आता फक्त काचेच्या कपाटात उरली होती. पट हातात घेतला की मनगटावरच्या पट्टीशी त्याची ओळख पटायची आणि पुस्तक उघडायचं.

डावीकडच्या खुर्चीत रत्नमाला मेश्राम बसल्या होत्या. वय बावन्न, धरणग्रस्तांपासून खाणकामगारांपर्यंत सगळ्यांच्या मोर्च्यांत तीस वर्षं चाललेल्या. त्यांचं ‘राखतळं’ हे पुस्तक सहा महिन्यांपूर्वी आलं होतं. हिरडगुडा नावाच्या पाड्यावर वीजकेंद्रातल्या कोळशाची ओली राख साठवायच्या तलावाचा बांध फुटला आणि नऊ माणसं गाडली गेली. वाचलेल्या एक्केचाळीस जणांच्या जबान्या त्या पुस्तकात होत्या. उजवीकडे अच्युत पाठराबे. कादंबरीत वाक्यं अर्धी सोडणारा, पानंच्या पानं कोरी ठेवणारा, वाचकांनी वैतागून बाजूला सारलेला लेखक. दोघांची कॉलेजपासूनची मैत्री आणि तेव्हापासूनचंच भांडण.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तशा तेलंगबाई उठल्या. निवृत्त शिक्षिका, हसतमुख.

“ताई, तुमचं पुस्तक दोनदा वाचलं. फार प्रसन्न वाटलं. संकटातसुद्धा माणसं किती समाधानी असतात, नाही?”

रत्नमालांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“कुठलं पुस्तक?”

“‘राखतळं’च की. त्या कमलबाईंचं प्रकरण तर मी नातीलाही वाचून दाखवलं.”

रत्नमाला व्यासपीठावरून उतरल्या, तेलंगबाईंच्या हातातून पट जवळजवळ ओढूनच घेतला आणि मोठ्यानं वाचू लागल्या. “‘त्या वर्षी गावात बरेच बदल झाले. कमलबाईंची लेक जैवंता आता आठवणींत आहे. तिचे लांब केस आईला फार आवडत.’”

त्या थांबल्या.

“हे मी लिहिलेलं नाही.” मग शेजारच्या माणसाकडे वळल्या. “तुमचा पट दाखवा.”

तो बँकेतला अधिकारी होता. त्याच्या पटावर त्याच पानावर राखेपासून विटा कशा बनतात याची माहिती होती आणि शेवटी एका ओळीत ‘काही कुटुंबांचं स्थलांतर झालं’ असं होतं. मागच्या रांगेतल्या तरुणीच्या पटावर जैवंता नावाची मुलगीच नव्हती.

मूळ वाक्य रत्नमालांना तोंडपाठ होतं. ‘पहाटे राखेचा बांध फुटला आणि माझी नऊ वर्षांची मुलगी जैवंता राखेखाली गाडली गेली. तिचे केस माझ्या हाती लागले, पण तिला बाहेर काढता आलं नाही.’

सभागृहात कुजबुज सुरू झाली. काय झालं होतं हे सगळ्यांत आधी अच्युतच्या ध्यानात आलं. “अनुवाचक,” तो म्हणाला.

अनुवाचक प्रत्येक पटात होता. वाचकाबरोबर वाचणारा म्हणून अनुवाचक. अवघड शब्द सोपे करायचा, वाचकाच्या बोलीत मजकूर आणून द्यायचा. अडखळत वाचणाऱ्या हजारो माणसांना त्यानं पुस्तकांपर्यंत नेलं होतं आणि स्वतः रत्नमालांनी एका भाषणात त्याचं कौतुकही केलं होतं. गेल्या वर्षी त्यात मनःस्वास्थ्याची सोय आली. मनगटावरची पट्टी नाडी मोजायची. वाचताना ठोके वाढले, श्वास अडकला की अनुवाचक पुढचं वाक्य हलकं करायचा. वाचकाला ते कळायचंही नाही. कारण पुस्तक पहिल्यांदा उघडतानाच त्यानं कुठल्या तरी चौकटीत ‘मान्य’ म्हटलेलं असायचं.

संवाद तिथंच संपला.

ग्रंथालयाच्या मागच्या ओट्यावर रत्नमाला अच्युतबरोबर उभ्या होत्या. चहाचा कप त्यांनी कठड्यावर आपटला, कान तुटला.

“काल आयोगाचं टिपण आलं. ‘जबान्यांमध्ये गंभीर तक्रार आढळत नाही.’ मला वाटलं, तो म्हातारा न्यायमूर्ती विकला गेला. मी पत्रकारांना तसं सांगितलंसुद्धा. आणि त्यानं बिचाऱ्यानं खरंच एवढंच वाचलं असणार!”

हिरडगुड्याच्या चौकशीसाठी एका निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमलेला होता. पुरावा म्हणून त्यांच्यापुढे ‘राखतळं’च होतं. आठ दिवसांनी शेवटची बैठक, आणि तिच्यात पाड्याच्या वरच्या अंगाला तसलाच दुसरा तलाव बांधायला परवानगी द्यायची की नाही ते ठरणार होतं.

त्यांनी तिथूनच आयोगाच्या सचिवांना फोन लावला. सचिव नम्रपणे बोलले. सरकारी पटांवर अनुवाचक बंद करता येत नाही, कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा नियम आहे. कागद दिलात तरी तो पटावर चढवूनच वाचला जाईल. तोंडी साक्ष? लेखी जबानी वाचून आयोगाला गरज वाटली तरच बोलावतात.

“म्हणजे आधी मऊ करून वाचणार, आणि मऊ आहे म्हणून बोलावणार नाही,” म्हणत रत्नमालांनी फोन ठेवला.

“माझं पुस्तक बघ,” अच्युत म्हणाला. त्यानं ओळखीच्या तीन वाचकांचे पट मागून आणले होते. तिन्हींवर त्याच्या कादंबरीचं ते पान सारखंच होतं, अगदी त्यानं लिहिलं तसं. तुटकी वाक्यं, कोऱ्या जागा, सगळं जिथल्या तिथं. “मी कंपनीला विचारलं होतं, माझी कादंबरी वाचकांना सोपी का होत नाही म्हणून. त्यांनी कळवलं की अनुवाचक आधी वाक्याचं सार काढतो आणि मग ते सार वाचकाला सोसेल अशा शब्दांत मांडतो. सार निघालं नाही तर मजकुराला हात लावत नाही. रत्ना, जबान्या माझ्या पद्धतीनं लिहू या.”

रत्नमालांनी ते पट बाजूला सारले.

“तुझ्या पद्धतीनं? कमलबाईचं पोर मेलंय, अच्युत. तिचं मरण मी तुझ्या शब्दांच्या खेळात घालू? नऊ प्रेतं, आणि तुला तुझी शैली बरोबर ठरल्याचा आनंद झालाय!”

“आनंद?” अच्युतचाही आवाज चढला. “तीस वर्षं तू मला सभांमधून सांगत आलीस, की मी लिहितो ते कुणाच्या कामाचं नाही. दुष्काळात अत्तर शिंपडणारा म्हणालीस. मी ऐकून घेतलं. आज एक गोष्ट कामाची निघतेय तर तुला ती माझ्या हातून नको.”

“मला ती कमलबाईला विचारल्याशिवाय नको.”

“मग चल विचारायला.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं निघाले.

हिरडगुड्याची माणसं महामार्गालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. कमल आत्राम दारात बसून मोहफुलं निवडत होती. पस्तिशीची बाई, अंगानं वाळलेली. रत्नमालांनी तिला सगळं सांगितलं. लोकांच्या पटावर काय दिसतं तेही वाचून दाखवलं. ‘तिचे लांब केस आईला फार आवडत’ या वाक्याशी कमलचे हात थांबले.

“हे कोनं लिवलं?”

“कुणी नाही, कमलबाई. यंत्रानं.”

“आन् तुमी लिवलं थे कसं होतं? मले कोनी वाचून नाई दाखवलं.”

रत्नमाला ओशाळल्या. त्यांनी मूळ पान काढून वाचलं. पहाटे बांध फुटल्याचं, जैवंता गाडली गेल्याचं, केस हाती लागल्याचं. कमल ऐकत राहिली. मग तिनं मान हलवली.

“मी असं नाई बोल्ली, बाई.”

“म्हणजे? सगळं तुम्ही सांगितलेलंच आहे.”

“सांगतलं, पन असं नाई. मले असं बोलताच येत नव्हतं तवा. तुमी नीट केलं थे.” तिचा आवाज एकदम धारदार झाला. “यंत्रानं केलं म्हनून तुमाले राग आला. पयले तर तुमीच केलं ना?”

अच्युत खाली बघत होता. त्याला बोलायची ही आयती संधी होती, पण तो गप्प बसला, आणि त्याबद्दल रत्नमालांना पुढे कायम त्याचे आभार वाटत राहिले.

त्यांच्या फोनमध्ये मूळ ध्वनिमुद्रण होतं. कमलच्या परवानगीनं त्यांनी ते लावलं.

“जैवंता. जैवंता नाई. राख... गरम नव्हती बाई, थंडी. थंडी होती. दार... दार कुठं, दारच नाई. मी केस. केस होते. मी धरले ना. धरले होते. जैवंता, अवो, केस—” आणि मग बराच वेळ नुसता श्वास.

ही जबानी घेतल्यावर रत्नमालांनी घरी बसून ती ‘सुबोध’ केली होती. कर्ता, कर्म, क्रियापद जागेवर लावलं. लोकांना समजावं म्हणून, आपल्या माणसांना कुणी अडाणी म्हणू नये म्हणून. अनुवाचकाला जे सार काढायचं होतं ते त्यांनीच काढून ठेवलं होतं. यंत्रावरचा सगळा संताप आता त्यांच्या स्वतःवर उलटला, आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

“हेच द्या,” कमल म्हणाली. “जसं हाय तसं.”

बाकीच्यांनीही होकार दिल्यावर पुढचे सहा दिवस दोघं ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत बसून एक्केचाळीस ध्वनिमुद्रणं अक्षरशः उतरवत होते. तिथंही भांडण झालंच. अच्युतला एका ठिकाणी शब्दांचा क्रम बदलावासा वाटला. परिणाम वाढेल, म्हणाला. “एक अक्षर हलवलंस तर उठून जाईन,” रत्नमाला म्हणाल्या. पण शांततेचं काय करायचं यावर मात्र तो अडून बसला.

“तू टिंबं देतेस. तीन टिंबांत काय कळतं? ती बाई चाळीस सेकंद गप्प आहे. त्या चाळीस सेकंदांना पानावर जागा हवी. हे माझं काम आहे, रत्ना. आयुष्यभर मी एवढंच केलंय.”

रत्नमालांनी त्याचं ऐकलं. जितके सेकंद गप्प, तितक्या ओळी कोऱ्या. कमलच्या जबानीत शेवटची पावणेदोन पानं कोरी होती.

बैठक कलेक्टर कचेरीच्या मोठ्या दालनात होती. नव्यानं दाखल केलेल्या जबान्या वाचायला न्यायमूर्तींनी पट उघडला. वाचताना त्यांची बोटं नेहमीसारखी भराभर सरकत होती. मग ती मंदावली. एका जागी थांबली. त्यांनी पान मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. मनगटावरची पट्टी दोनदा लुकलुकली, पण मजकूर बदलला नाही. कोरं पान आलं तेव्हा पट बिघडला असं वाटून त्यांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी तपासून सांगितलं, “नाही साहेब, एवढंच आहे.”

शेजारी बसलेल्या वीजकेंद्राच्या वकिलानं हसत म्हटलं, “हे निरर्थक आहे. यातून कुठलंही विधान निघत नाही.”

“अर्थ निघत नाही?” रत्नमाला उभ्या राहिल्या. “नऊ माणसं मेली तर अर्थ नीट वाक्यात निघायला पाहिजे का तुम्हाला? मी नीट वाक्यात दिला होता. तुम्ही सगळ्यांनी तो वाचला आणि जेवायला गेलात!”

“खाली बसा,” न्यायमूर्ती म्हणाले. त्यांनी मनगटावरची पट्टी सोडली आणि टेबलावर ठेवली. “यातलं मला पुरतं समजलेलं नाही. या बाईंना बोलवा. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे.”

कमल आत्राम बोलली. नंतर बाकीचे चाळीस जण बोलले. तीन दिवस लागले. वकिलानं वेळोवेळी हरकत घेतली, प्रत्येक वेळी न्यायमूर्तींनी ती फेटाळली.

दुसऱ्या तलावाची परवानगी नाकारली गेली. पहिल्या तलावाच्या बांधाची जबाबदारी कुणावर, याचा निकाल मात्र आयोगानं वरच्या समितीकडे सोपवला आणि समिती अजून बसायची आहे. हिरडगुड्याची माणसं अजून शेडमध्येच आहेत. विजय वगैरे म्हणावं असं काही घडलं नाही, आणि कुणी तसं म्हटलं की रत्नमाला आजही चिडतात.

दीड महिन्यानं अनुवाचक बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, दोघांच्या नावे. भाषा अतिशय सभ्य होती. झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो. दुःखात, धक्क्यात बोलणाऱ्या माणसांची भाषा आमच्या यंत्रणेला उमगत नाही, ही आमची उणीव आहे. हिरडगुड्याची मूळ ध्वनिमुद्रणं मिळाली, तर अनुवाचकाला अशी भाषा समजून घ्यायला शिकवता येईल. इस्पितळांना, मदतकेंद्रांना, दूर एकट्या पडलेल्या माणसांना त्याचा उपयोग होईल.

पत्र घेऊन दोघं पुन्हा कमलकडे गेले. पहिला आवाज तिचा होता, तेव्हा पहिला निर्णयही तिचाच.

“फाडून टाक,” अच्युत वाटेत म्हणाला. “यंत्र हे शिकलं की आपल्याकडे काही उरत नाही. पुढच्या वेळी तुटकी वाक्यंसुद्धा ते गोड करून वाढेल.”

“आणि इस्पितळातली बाई?” रत्नमाला म्हणाल्या. “ती काय बोलतेय ते तिथं कुणाला कळत नसेल तर? तिनं काय करायचं, तुझ्या कोऱ्या पानांची वाट बघायची?”

ते भांडतच शेडपर्यंत पोचले. कमलनं दोघांचं ऐकून घेतलं. बांध फुटला त्या दुपारी राखेनं तोंड भरलेल्या एका माणसाचं बोलणं कुणालाच कळलं नव्हतं, आणि तो माणूस सरकारी दवाखान्यात तसाच मरण पावला होता. तिचा दीर होता तो, त्या नऊ जणांतलाच. हे तिनं जबानीत सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं.

मग तिनं पत्र हातात घेतलं, वाचता येत नसतानाही दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“तुमी दोघंबी लिवनारे, मले येवढं सांगा,” ती म्हणाली. “आमचं रडनं त्याले शिकवलं, तर थे आमाले समजन, का आमचं तोंड दाबन?”

रत्नमालांनी अच्युतकडे पाहिलं. पत्र त्यांनी कमलच्या हातातच राहू दिलं आणि दोघं तिच्याशेजारी दारात बसले.