एक कंस राहून गेला

"हात मागे! आधी हात मागे घ्या!"

ब्रिडीने गाडीचं दारही लावलं नव्हतं, तोच ती ओरडली. समोर लिचीच्या झाडाखाली एक उंच तरुण टाचा उंचावून उभा होता. हातात टॉवेल... आणि त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, फळांवर टाकलेल्या जाळीत गुरफटलेलं एक मोठं वटवाघूळ डोळे वटारून त्याच्याकडे बघत होतं.

तरुणाने हात मागे घेतले. अगदी सावकाश, पोलिसांनी हटकल्यासारखे.

"घेतले. आता श्वास घेतला तर चालेल ना?"

"लस टोचून घेतलीये का?"

"कसली?"

"रेबीजची! त्याच्या भावकीतला एक विषाणू यांच्या अंगात असू शकतो. लस न घेता वटवाघळाला हात लावायचा नसतो. याने तुम्हाला नुसतं ओरबाडलं, तरी तुम्ही हॉस्पिटलात आणि..." ती जवळ आली, आवाज खाली आणला, "आणि याला मारून तपासायला पाठवतात. चूक तुमची, जीव याचा."

तो एकदम गंभीर झाला. टॉवेल खांद्यावर टाकून त्याने दोन्ही हात खिशात खुपसले. "मला खरंच माहीत नव्हतं. मी स्वयंसेवक म्हणून फक्त कासवांसाठी नाव दिलंय. रस्त्यात आलेलं कासव उचलायचं, पलीकडे ठेवायचं. पण मेसेज आला, म्हणून आलो."

"वटवाघळाचा मेसेज, तुम्हाला? शक्यच नाही."

"का बरं?"

"कारण मेसेज कुणाला जायचा हे ठरवणारी क्वेरी मी लिहिलीये."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. कोपरापर्यंतचे जाड हातमोजे, केसांत अडकलेलं वाळकं पान, नाकाच्या शेंड्यावर घाम...

"मग तुमच्या क्वेरीला मी आवडलेलो दिसतोय," तो म्हणाला.

ब्रिडी जाळीकडे वळली. वटवाघूळ सोडवायचं होतं ना! पण जाळी कापताना कात्री दोनदा चुकीच्या दोऱ्यावर गेली, हे तिचं तिला ठाऊक.

त्याचं नाव डारिओ. मरीबा गावात बापाची आंब्याची बाग, आणि बागेच्या कडेलाच त्याचं पंप दुरुस्तीचं वर्कशॉप.

ब्रिडी त्याच पठारावरच्या युंगाबुरा गावची. पठारावरच्या बेकऱ्या, कॅराव्हान पार्क आणि दोन दंतवैद्य, अशा सगळ्यांच्या वेबसाइट ती पीएचपी या जुन्या संगणकभाषेत बांधून द्यायची. शहरातली पोरं पीएचपीचं नाव काढलं की नाक मुरडतात. ब्रिडी म्हणायची, मुरडा खुशाल, माझं घर त्यावर चालतं. आणि जखमी प्राणी वाचवणाऱ्या पठारावरच्या मंडळींसाठी तिने एक साइट हौसेने बांधली होती. कुणी फोन करून सांगितलं, की अमुक ठिकाणी अमुक प्राणी अडकलाय, की साइट डेटाबेसमधून योग्य माणसं निवडायची आणि त्यांना मेसेज धाडायची. कुणी जायला तयार झालं की त्याच मेसेजखाली त्याचं नाव उमटायचं: 'नोरीन निघाली', 'ब्रिडी निघाली'. मग बाकीच्यांना निवांत घरी बसायला हरकत नाही.

ही निवड म्हणजे ब्रिडीचा अभिमान. माणूस जवळ राहणारा हवा. त्याच्याकडे रिकामा पिंजरा हवा. साप असेल तर साप धरता यायला हवेत, वटवाघूळ असेल तर लस घेतलेली हवी. कोण कुठल्या वेळी मोकळा, तेही बघायचं. प्राणी बदलला की अटी बदलायच्या, आणि तिचा प्रोग्रॅम एकेक अट शेवटच्या क्वेरीला जोडत जायचा. अशा गाळणीतून एक कासववाला वटवाघळापर्यंत पोहोचला कसा?

घरी येऊन तिने सगळं तपासलं. चाचणीसाठी तिने खोटी नावं घालून ठेवली होती, त्यांच्यावर क्वेरी चालवली. क्वेरी गुणी बाळासारखी वागली. फक्त लसवाले, फक्त जवळचे. ब्रिडी चक्रावली. आणि खरं सांगायचं तर थोडी खूशही झाली, कारण न सुटणारं कोडं तिला जेवणापेक्षा प्रिय होतं.

पुढच्या वेळी मालांडा गावाजवळ काटेरी तारेत एका वटवाघळाचा पंख अडकला. पठाराच्या दुसऱ्या टोकाहून ती पोहोचली, तर कुंपणाला टेकून डारिओ उभा. हात खिशात.

"पुन्हा?"

"मेसेज आला."

"मरीबाहून इथे? तासाभराचा रस्ता आहे! अंतराची अट आहे माझी."

"तुझ्या अटी मला बघून वितळतात, त्याला मी काय करू?"

"तुझ्या?" ब्रिडीने भुवई उंचावली. "मघापर्यंत अहो-जाहो चाललं होतं."

"मघाशी कुठे, ते लिचीखाली. आता आपण जुने झालो." त्याने खिशातून एक हात काढला आणि गाडीतून डबा आणला. "आंब्याच्या फोडी. पेशंटसाठी."

"आणि मला?"

"तुझा डबा वेगळा आहे. त्यात मीठ-मिरची घातलीये."

त्या दिवशी त्याने शिडी धरली आणि पिंजरा उचलून गाडीत ठेवला. वटवाघळाकडे मात्र फिरकला नाही. दोन हात लांब उभा राहून प्रश्न तेवढे विचारत राहिला. ते उलटं लटकून शू कशी करतं? त्याला रंग दिसतात का? आणि तू, तू यात कशी पडलीस? ब्रिडी उत्तरं देत गेली. शेवटच्या प्रश्नाला जरा जास्तच वेळ लागला.

मग हे होतच राहिलं. ब्रिडी क्वेरीत काहीतरी हलवायची, अंतराचा हिशेब नव्याने मांडायची, लसीची अट वर आणायची. फोन वाजायचा, 'निघाले' असं कळवून ती शिडी-पिंजरे गाडीत भरत बसायची, आणि पोहोचते तर डारिओचा पोचे पडलेला छोटा ट्रक आधीच तिथे. "तू मला नावानिशी वगळत का नाहीस?" त्याने एकदा विचारलं. "ती मलमपट्टी झाली," ती फणकाऱ्याने म्हणाली. "मला दुखणं शोधायचंय." हे खरं होतं. पण गाडीतून उतरताना आजकाल तिची नजर आधी ट्रक शोधायची आणि मग प्राणी, हेही तितकंच खरं होतं. मनातल्या मनात ती स्वतःला दोन शब्द सुनवायची आणि आरशात केस नीट करायची.

एके सकाळी मात्र खेळ संपला.

तारेत एक मादी अडकली होती, पोटाला घट्ट बिलगलेलं पिल्लू. ब्रिडीने तार कापली, मादीला टॉवेलात घेतलं, आणि तेवढ्यात पिल्लू सुटलं. थेट डारिओच्या बाजूला. ब्रिडीचे दोन्ही हात अडकलेले. तिला त्याचे हात खिशातून बाहेर येताना दिसले...

"नको!"

त्याने डोक्यावरची टोपी खेचली, गुडघ्यावर बसला आणि पिल्लू टोपीत झेललं. इवलीशी नखं त्याच्या बाहीला अडकली, क्षणभर लोंबली, सुटली.

मादीला पिंजऱ्यात ठेवून, पिल्लू तिच्या कुशीत देऊन ब्रिडी धावत आली. हातमोजे फेकले. त्याची बाही वर सारली, मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. ओरखडा नव्हता. तरी ती बघतच राहिली.

"अगं, काही नाही झालं."

"झालं असतं! तुला लागलं असतं, आणि यांना दोघांना मारावं लागलं असतं... माझ्या चुकीमुळे." तिने त्याचा हात सोडला. "आता हे सापडेपर्यंत मी उठत नाही."

दुपारी तिने नोरीनला फोन केला. नोरीन म्हणजे गटाची म्होरकी, सत्तरीतली, अजगर गळ्यात घालून चहा पिणारी बाई. तिच्या परवानगीने ब्रिडीने खऱ्या स्वयंसेवकांच्या यादीवर क्वेरी चालवली आणि सगळ्या अटी जोडून झाल्यावर जे लांबलचक वाक्य तयार होतं, ते कागदावर छापून जेवणाच्या टेबलावर पसरलं. बोट ठेवत ती मोठ्याने वाचू लागली.

जवळचा, आणि पिंजरा रिकामा, आणि लस घेतलेला, आणि या वेळी मोकळा, किंवा 'कधीही बोलवा' म्हणणारा.

तिचं बोट 'किंवा'वर थांबलं.

शेवटचे दोन तुकडे एका कंसात हवे होते. या वेळी मोकळा किंवा कधीही मोकळा, एवढीच निवड. कंस नसल्यामुळे त्या 'किंवा'ने आख्खी भिंतच फोडली होती. नाव नोंदवताना जो 'कधीही बोलवा' म्हणेल त्याला ना अंतराची अट, ना लसीची! आणि तिच्या खोट्या नावांपैकी एकानेही 'कधीही बोलवा'वर खूण केली नव्हती. खऱ्या यादीत तशी खूण करणारा एकच माणूस होता.

तिने कंस घातले. क्वेरी पुन्हा चालवली. डारिओचं नाव निघून गेलं.

ब्रिडीला आनंद व्हायला हवा होता. कोडं सुटलं की ती स्वयंपाकघरात नाचायची. त्या दिवशी ती कपात थंड झालेल्या चहाकडे बघत बसली. आता तो येणार नव्हता. यायला नकोच होता. आणि तरीही त्या दोन कंसांचा तिला असा राग आला, की विचारता सोय नाही.

आठवडा गेला. मेसेज आले, ती गेली, शिडी तिची तिनेच धरली. त्याला फोन करायला तिने कितीदा तरी नंबर काढला... आणि काय बोलणार? तुझं येणं चुकून होतं, असं?

शेवटी नोरीनचाच फोन आला. "अगं, तो मरीबाचा पोरगा विचारत होता, माझं काही चुकलं का म्हणून. मेसेज बंद झालेत म्हणे."

"त्याचं काही नाही चुकलं, नोरीन. माझं चुकलं होतं." ब्रिडीने तिला कंसाचं रामायण ऐकवलं.

"म्हणजे इतके दिवस बिचाऱ्याला सगळेच मेसेज जात होते?"

"सगळेच..." ब्रिडी म्हणाली, आणि थबकली. खरंच की! ती वटवाघळांचाच विचार करत बसली होती. पण भिंत फुटली ती सगळ्यांसाठीच. साप, छोट्या कांगारूसारख्या वॉलबी, घुबडं, सगळं. "नोरीन, रेवेनशो गावात तू अजगर धरलास, तेव्हा तो आला होता?"

"छे. आला असता तर माझी पाठ वाचली असती."

"आणि ते घुबड? नाल्यातली वॉलबी?"

"नाही गं. मी त्या पोराला अजून पाहिलेलं नाही."

ब्रिडीने फोन कधी ठेवला, तिला आठवत नाही. त्याला सगळे मेसेज मिळत होते. त्यातले तो नेमके कुठले निवडत होता? तिने उत्तर पाठ केल्यासारखं स्वतःशी पुटपुटून पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाली. मग गाडीची किल्ली उचलली.

वर्कशॉपमध्ये डारिओ एका पंपात मान घालून बसला होता. तिला बघून ताडकन उठला, डोकं फळीला आपटलं.

"तुला सगळे मेसेज येत होते," ब्रिडी दारातूनच म्हणाली.

"...हो."

"दिवसभर?"

"दिवसभर, रात्रभर. आता आठवडाभर झोप लागते बघ मला." तो डोकं चोळत हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "झोप लागते आणि करमत नाही."

"अजगराला गेला नाहीस तू. घुबडालाही नाही. जिथे 'ब्रिडी निघाली' दिसलं, तिथेच गेलास."

"पहिल्यांदा नाही. पहिल्यांदा खरंच मेसेज आला म्हणून आलो होतो."

"आणि नंतर?"

डारिओने चिंधीला हात पुसले. पुसून झालेले पुन्हा पुसले. "नंतर... तू निघालीस म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस मला? मी डोकं फोडून घेत होते! सगळे मेसेज येतात, एवढं म्हणाला असतास तर पाच मिनिटांत सापडलं असतं!"

"म्हणून तर नाही सांगितलं."

ब्रिडीला चांगलाच राग आला होता. तिने तो शब्दांत आणायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "त्या सकाळी... तुझ्या हाताला काही झालं असतं ना, तर मी... माझ्या चुकीने मी तुला गमावलं असतं, डारिओ. आणि मग चूक सुधारूनही गमावलंच, असं वाटलं. हा आठवडा फार वाईट गेला माझा."

तो जवळ आला. ग्रीसचा, लोखंडाचा वास. "चुकलोच मी," तो हळूच म्हणाला. "त्या पिल्लानंतर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेलो. एक टोचून झाली, बाकीच्या घेतोय. तू बोलव, न बोलव... पुढच्या वेळी तुला घाबरवायचं नाही, एवढं ठरवलं होतं."

ब्रिडीने त्याचा ग्रीसने माखलेला हात धरला. या वेळी ओरखडा शोधायला नाही.

"डारिओ!" मागच्या घरातून आईची खणखणीत हाक आली. "कोणाची गाडी आहे रे ती?"

"कोणी नाही, मम्मा... म्हणजे..."

"ती वटवाघूळवाली का?"

डारिओने डोळे मिटून घेतले. ब्रिडीला हसू आवरेना.

"मग बाहेर काय उभं केलंयस तिला? आठवडाभर तोंड पाडून माझ्या पास्त्याचा अपमान केलास, आज दोघं मिळून भरपाई करा! थांबतेय ना ती जेवायला?"

डारिओने तिच्याकडे पाहिलं.

"थांबतेय!" ब्रिडीनेच ओरडून सांगितलं.