ड्रोनचं घर कुठे असतं?

एक ड्रोन होता. तो न भरकटता, वीतभरही इकडेतिकडे न होता आपल्या घरी परत आला, अलगद उतरला आणि बुडाला. सांगा, चूक कुणाची?

घाई करू नका. मला तळकोंडीत सगळे थापाड्या म्हणतात आणि त्यांचं काही चुकत नाही. पण या गोष्टीत थापा फक्त दोन आहेत. त्या कुठल्या हे शेवटी सांगेन, तोवर शोधत बसा.

आमची तळकोंडी धरणाच्या पाण्याच्या अलीकडे, पालवण गाव पलीकडे. मध्ये नऊ किलोमीटर पाणी. ते ओलांडायला एकच लाँच, आमच्या गावातल्या अकरा वर्षांच्या रेवाच्या बाबांची. त्या घरातली माणसं जमिनीवर फक्त झोपायला येतात. चहा लाँचवर, दाढी लाँचवर, पोरांचा अभ्यास लाँचवर. रेवाच्या निनादकाकाला शाळेत 'माझे घर' हा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा त्याने इंजिनाच्या आवाजापासून सुरुवात केली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निनाद मोठा झाला आणि बागांवर औषध फवारणारा ड्रोन चालवायला लागला. हात असा, की पारावर झोपलेल्या सरपंचांची टोपी ड्रोनने उचलायचा, हवेत झटकायचा आणि पुन्हा डोक्यावर ठेवायचा. सरपंचांचं घोरणंसुद्धा थांबायचं नाही!

त्याच्याकडे नव्हता तो फक्त परवाना (पोटापाण्यासाठी ड्रोन उडवायची सरकारी परवानगी, वय अठरा पूर्ण हवं, दहावी पास हवी, मान्यता असलेल्या शाळेत प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते). मी जिल्ह्याच्या गावी अशाच शाळेत शिकवायचो. एकदा म्हटलं, "निनाद, येऊन परीक्षा देऊन टाक ना."

"आजोबा, बोटं बघा माझी. कागद काय बघता?"

पारावरचे सगळे हसले. मीही हसलो.

त्या दुपारी सायलीकाकी, म्हणजे निनादची बायको, माहेरी पालवणला होती. गवत कापताना तिच्या पायाला घोणस चावली. पालवणला डॉक्टर होते, पण प्रतिविष (सापाचं विष मारणारं औषध) नव्हतं. ते तळकोंडीच्या आरोग्य केंद्रात होतं, एका माणसापुरतंच. सिस्टरने बर्फात घातलेली पेटी निनादच्या हातात दिली आणि बजावलं, "मांडीवर घेऊन बसा. पाऊण तासात पोचाल. वेळ आहे अजून."

लाँच सुटली. रेवा काकाच्या शेजारी बसली होती. पंधरा मिनिटं झाली आणि काकाला बसवेना. सकाळच्या फवारणीनंतर त्याचा ड्रोन लाँचवरच पडून होता.

"अजून अर्धा तास? माझा गडी सहा मिनिटांत टाकेल!"

"काका, सिस्टर म्हणाल्या होत्या..."

"सिस्टरना काय ठाऊक माझा हात!"

त्याने पेटी ड्रोनला बांधली आणि चालत्या लाँचवरून ड्रोन उडवला. काय सुरेख उडाला म्हणून सांगू! बाणासारखा पालवणकडे गेला. पण पालवणच्या आधी डोंगराची एक सोंड पाण्यात उतरली आहे. ड्रोन तिच्यामागे गेला आणि रिमोटच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'संपर्क तुटला. घरवापसी सुरू.'

घरवापसी म्हणजे मालकाचा आवाज ऐकू येईनासा झाला की ड्रोनने आपणहून घरी परतणं.

काका घाबरला नाही. "येऊ दे घरी, पुन्हा सोडतो." त्याने रिमोट बाकावर ठेवला आणि ड्रोनला उतरायला जागा करायला लागला. बादल्या हलवल्या, दोर गुंडाळला.

ड्रोन आला. त्यांच्या डोक्यावरून गेला. आणि पुढे जातच राहिला, तळकोंडीच्या बाजूला.

"अरे, इकडे! घर इकडे आहे!" काका ओरडला. त्याने रिमोट उचलला, पण ड्रोनची जुनी बॅटरी संपत आली होती, आणि तशा वेळी त्याचा ड्रोन कुणाचं ऐकत नसे, उतरायलाच लागे. दोन किलोमीटर मागे, जिथून तो उडाला होता अगदी त्याच जागी, तो पाण्यावर अलगद टेकला. पेटीसकट खाली गेला.

लाँच पालवणला पोचली ती रिकाम्या हातांनी. काकीला घेऊन पुन्हा अलीकडे, तिथून गाडीने जिल्ह्याला. औषध मिळालं तेव्हा तीन तास उलटले होते. जीव वाचला. उजवा पाय डॉक्टरांना गुडघ्याखाली कापावा लागला.

आठ दिवसांनी रेवा माझ्या शाळेत आली. चेहरा एवढासा झालेला.

"आजोबा, काका बोलत नाही. लाँचवर बसतो तोसुद्धा पाण्याकडे पाठ करून. ड्रोनच खराब होता ना? तसं सांगा ना मला. मी जाऊन काकाला सांगते."

खोटं बोलायला मला कधी कष्ट पडत नाहीत. त्या दिवशी जमलं नाही. मी तिला मास्तरकडे नेलं.

मास्तर म्हणजे आमच्या शाळेचा परीक्षा घेणारा यंत्रमानव. तीन चाकं, पत्र्याचं पोट आणि डोळ्यांच्या जागी दोन भिंगं. त्याने वर्गाच्या मधोमध खुर्ची ठेवली.

"रेवा, ही खुर्ची तुझं घर. जागा नीट पाहून ठेव. आता डोळे बांध. भिंतीपर्यंत दहा पावलं जा, दहा पावलं परत ये आणि बस."

रेवा मोजत गेली, मोजत आली आणि बसली. धप्पकन जमिनीवर! मास्तरने खुर्ची आवाज न करता बाजूला सरकवली होती.

"ही लबाडी आहे!"

"तू चुकीच्या जागी बसलीस का?"

रेवाने डोळ्यांवरची पट्टी काढली. फरशीवरच्या खुणा पाहिल्या. "नाही. जागा बरोबर आहे. खुर्ची नाहीये."

"ड्रोनचंही तेच झालं. उडताना तो आपल्या जागेचे अक्षांश आणि रेखांश (पृथ्वीवरच्या कुठल्याही ठिपक्याचा पत्ता सांगणारे दोन आकडे) टिपून ठेवतो. त्याचं घर म्हणजे ते दोन आकडे. लाँच त्याला ठाऊकच नाही."

रेवा तशीच फरशीवर बसून राहिली. "आणि काकाचं घर म्हणजे लाँच. ती तर पुढे निघून गेली होती. मग परवानेवाला काय करतो?"

"चालत्या होडीवरून उडवायचं असेल तर उडवण्याआधी ठरवतो की ड्रोनने परतायचं कुठे, आणि तसं ड्रोनला सांगून ठेवतो. नकाशा बघतो. हिरव्या भागात उडवता येतं, पिवळ्या भागात आधी विचारावं लागतं, लाल भागात खास परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. मध्ये डोंगर आहे का, वारा किती आहे, बॅटरी जाऊन-येऊन पुरेल का, हे सगळं तपासतो. लेखी परीक्षेत हेच विचारतात. हात किती सफाईदार आहे ते शेवटी."

"म्हणजे काकाला एवढंच माहीत नव्हतं?"

"एवढंच. माझ्या प्रश्नपत्रिकेतला अकरावा प्रश्न आहे तो."

आणि मास्तरने एक लांब उसासा सोडला.

रेवाने ते सगळं घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. काका ऐकून घेऊन उठून गेला. मग काकी दवाखान्यातून आली, कुबडी घेऊन.

"अहो, पाय माझा गेलाय, तुमचा नाही," ती म्हणाली. "बसून काय राहिलात? परीक्षा द्या."

"माझ्या हातात पुन्हा रिमोट देऊ नकोस, सायली."

"मग मी देते. दहावीला तुमच्यापेक्षा जास्त मार्क होते मला."

ती खरंच आमच्या शाळेत दाखल झाली. ड्रोन चालवायला दोन डोळे आणि दहा बोटं शाबूत असली की झालं, असं म्हणायची. टोपीबिपी उचलणं तिला कधी जमलं नाही. पहिल्या आठवड्यात तर तिने ड्रोन माझ्याच खिडकीत घातला.

तिची शेवटची परीक्षा मास्तरने चालत्या लाँचवर घेतली. मुद्दाम. तिच्या पुढ्यात तशीच पेटी ठेवली आणि विचारलं, "पलीकडे माणूस अत्यवस्थ आहे. काय कराल?"

कोपऱ्यात काका पाण्याकडे पाठ करून बसला होता. रेवा त्याच्या शेजारी होती.

काकीने रिमोटला हात लावला नाही. आधी नकाशा पाहिला. "घर पालवणच्या शाळेच्या मैदानावर ठेवीन. लाँचवर नाही. सोंडेच्या खूप वरून नेईन, म्हणजे संपर्क तुटणार नाही." मग तिने पदर वाऱ्यावर धरला, वारा मोजायचं यंत्र पाहिलं, बॅटरीचा आकडा पाहिला. बराच वेळ पाहत राहिली.

"वारा समोरून आहे आणि वाढतोय. बॅटरी पुरेल असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही," ती म्हणाली. "मी उडवणार नाही. पेटी मांडीवर घेऊन बसते."

आणि तिने पेटी उचलून मांडीवर घेतली.

मास्तर म्हणाला, "उत्तीर्ण."

काकाने तोंड वळवलं आणि पाण्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी, ते रेवालाच विचारा. तिने दिवस मोजले होते. आता ती दुसरं काहीतरी मोजते. अठरा पूर्ण व्हायला तिला सात वर्षं आहेत, आणि अकरावा प्रश्न तिचा आत्ताच पाठ आहे.

राहिल्या थापा. पहिली सरपंचांच्या टोपीची. टोपी उचलायचा तो, पण सरपंच दर वेळी जागे होऊन शिव्या घालायचे.

दुसरी मास्तरच्या उसाशाची. यंत्रं उसासे सोडत नाहीत, मुलांनो. तो माझा होता. पारावर हसलो होतो ना मी.