एकाच लेयरवर

कामाच्या बाबतीत ठकी वाघ होती. मुलांच्या पुस्तकांची चित्रं टॅब्लेटवर काढून तिने नाव कमावलं होतं. त्या दुपारचं काम मात्र घरचंच होतं. आई जाऊन दोन महिने झाले होते आणि बाबांचं जेवणावरचं मनच उडालं होतं. दुखणं काही नाही, यांना जगायचंच नाहीये, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ठकीच्या जिवाला घोर लागला होता. अशात बाबांनी आपणहून एक मागितलं. आमचा दोघांचा शेजारी शेजारी बसलेला एकही फोटो नाही, तेवढा करून दे. फोटो काढायची वेळ आली की कॅमेरा कायम आईच्या हातात असायचा ना.

ठकी हरखून गेली. बाबांना दाढी करायला लावून तिने त्यांना आतल्या खोलीतल्या कोचावर बसवलं आणि फोटो काढला. कॉलर टोचते म्हणून ते कुरकुरले, तेही तिला बरं वाटलं. आईचा बागेतल्या बाकावरचा एक जुना फोटो सापडला. फोटोच्या ॲपमध्ये दोघांना अलगद कापून तिने चित्राच्या ॲपमध्ये, रंगवलेल्या कोचावर आणलं. तिथे प्रत्येक माणूस वेगळ्या लेयरवर ठेवतात, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा. एकाला सरकवलं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. जुन्या फोटोत आईचा एक हात कापला गेला होता. तो ठकीने नव्याने रंगवला आणि बाबांच्या हातात दिला.

पाणी पिऊन ती टेबलाशी परत आली, तर आई बोटभर लांब सरकली होती. आपलाच तळहात लागला असेल म्हणून ठकीने तिला जवळ आणलं. रंग निवडून बघते तो आई पुन्हा लांब. तिसऱ्यांदा तर ती कोचाच्या पार टोकाला गेली होती. ठकी वैतागली. तिच्याकडे चित्रं शिकायला येणाऱ्यांना ती जे कधीच करू द्यायची नाही, तेच तिने केलं. दोन्ही लेयर एकत्र करून टाकले. आता आईबाबा एकाच कागदावर आले. आई हलली नाही. ठकीने हुश्श केलं, चित्र सेव्ह केलं आणि फाइल बंद केली. त्यानंतर ते लेयर पुन्हा सुटे होत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ते ॲप चित्रातली रेघ न् रेघ रेकॉर्ड करून ठेवायचं. बाबांना गंमत दाखवावी म्हणून ठकीने ते रेकॉर्डिंग आधी स्वतः लावून पाहिलं. तिने न काढलेल्या रेघा त्यात उमटत होत्या. तिने हसरा रंगवलेला आईचा चेहरा घाबराघुबरा होत होता. आई आपला हात सोडवून घेत होती, बाबांच्या छातीवर तळवा टेकवून त्यांना मागे लोटत होती. आणि दर वेळी ठकीचं पेन येऊन तो हात पुन्हा बाबांच्या हातात ठेवत होतं.

"ठके..." आतून बाबांचा आवाज आला, अगदी हळू.

ती धावली. बाबा कोचावर ताठ बसले होते. एक हात शेजारच्या रिकाम्या जागेकडे पसरलेला, मूठ घट्ट आवळलेली, बोटं निळी पडत चाललेली.

"हात सुटत नाहीये गं... ती रडतेय. म्हणतेय, ठकीला सांगा, सोडव..."

ठकीने त्यांचं मनगट धरून जीव खाऊन ओढलं. हात तसूभरही हलला नाही. बाबांचा श्वास अडकायला लागला होता. मग ती त्यांची मूठ उघडायला गेली आणि तिच्या बोटांना दुसरी बोटं लागली. गारठलेली, थरथरणारी. तीही बाबांचं एकेक बोट सोडवत होती.

दोघी मिळून एक बोट उघडायच्या. ते आपोआप परत मिटायचं.