पायरीवरची लाल फुली

"थांबा. एक मिनिट."

मी होडीच्या इंजिनाखालून बाहेर आले, तर समोर तीन पायांवर उभी केलेली एक दुर्बीण आणि तिच्यामागे एक तरुण. दुर्बीण माझ्याच दिशेनं रोखलेली. माझ्या गालाला ग्रीस, केसांत लाकडाचा भुसा... आणि हा खुशाल बघतोय!

"काय बघताय एवढं?"

"पायरी," तो म्हणाला. "तुम्ही जरा बाजूला झालात तर बरं होईल."

असा राग आला म्हणता! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दुर्बीण लावून माझ्याकडे पाहत होतं, तर ते आमच्या दुकानाची दगडी पायरी बघायला.

तो वेगवान रेल्वेचा मोजणीदार होता. समुद्राच्या काठाकाठानं देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी धावणार, हे आम्ही बातम्यांत ऐकलं होतं. ती आमच्या खाडीच्या तोंडावरून, पुलावरून जाणार होती. उंची मोजायची तर एक पक्की जागा लागते. सरकारी खांब होता दोन किलोमीटर मागे. तिथली उंची त्यानं मोजत मोजत आमच्या पायरीपर्यंत आणली होती आणि आता लाल रंगानं पायरीवर छोटीशी फुली काढत होता.

"ही पायरी हलणार नाही ना?"

"आमच्याकडे काहीच हलत नाही," मी म्हणाले. "पायरी नाही, आणि आत्या तर नाहीच."

आत्या आतून म्हणाली, "ऐकू येतंय मला."

होड्या बांधायचं आणि दुरुस्त करायचं हे दुकान आत्याचं. लाकूड तिचं, इंजिन माझं, अशी आमची वाटणी. आत्यानं त्या दिवशीच त्याचं नाव 'तिपाईवाला' ठेवलं आणि चहा पुढे करता करता नेमका प्रश्न विचारला.

"पुलाखालून डोलकाठीसकट होडी जाईल का रे? भरतीच्या वेळी?"

"मोजल्याशिवाय नाही सांगता येणार, आत्या."

"मग नीट मोज. होडी अडली तर हे दुकान संपलं. इथे दुरुस्तीला कोण येईल मग?"

तो हसला नाही. त्यानं मान डोलावली. तेव्हाच मला तो थोडासा... जाऊ दे. थोडासाच.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मदतनीसाचा पाय मुरगळला आणि मापाची उंच पट्टी धरायला माणूस उरला नाही. तो दारात घुटमळला. मी हात पुसले आणि निघाले.

"पट्टी सरळ धरा. जरा डावीकडे. नाही, तुमच्या डावीकडे."

"माझीच डावी बाजू आहे ही!"

"मग माझं चुकलं. मला तुम्ही उलट्या दिसताय."

"म्हणजे?"

"दुर्बीण जुनी आहे. हिच्यातून सगळं उलटं दिसतं. पाय वर, डोकं खाली."

"अगबाई! आणि तरी ओळखू येते मी?"

"तेवढं येतं," तो म्हणाला आणि वहीत उगाच काहीतरी लिहू लागला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला एवढ्या लांबूनही दिसल्या.

चार दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. पाचव्या दिवशी त्याला मुख्य कार्यालयात बोलावलं. आठवड्यानं येतो म्हणाला. त्या आठवड्यात मी तीन इंजिनं चुकीची जोडली. आत्या फक्त सुटे स्क्रू वाटीत गोळा करत राहिली.

त्याच आठवड्यात उधाण आलं. पाणी पायरी ओलांडून थेट दुकानात शिरलं, लाकूड भिजलं. ओसरल्यावर आत्या म्हणाली, "पायरी उचलायची." होड्या उचलणाऱ्या माणसांना पायरी उचलणं काय अवघड? दोन जॅक लावले, दगड वर घेतला, खाली विटांचे थर बसवले आणि दगड पुन्हा ठेवला. चांगली वीतभर उंच झाली. आजूबाजूला खडी टाकून उतार सारखा केला. आणि हे सगळं करताना मी त्या लाल फुलीवर फडकं घट्ट बांधून ठेवलं होतं. म्हटलं, त्याची खूण आहे, पुसली जायला नको.

तो परतला. फुली जागच्या जागी होती. त्यानं पट्टी तिच्यावर ठेवायला सांगितली, मी ठेवली, आणि तो माझ्याकडे बघून हसला. पायरी उचलल्याचं सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मला वाटत होतं, फुली आहे म्हणजे सगळं आहे.

पुढचे तीन आठवडे फार सुखाचे गेले. रोज सकाळी पहिलं माप आमच्या पायरीवर, मग चहा, मग काठानं मोजत जायचं. पावसाची सर आली की एकाच ताडपत्रीखाली उभं राहायचं. दुर्बीण कोरडी राहायची, आम्ही अर्धे अर्धे भिजायचो.

मग तो पुलाचा नकाशा घेऊन आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्यानं नकाशा आत्यासमोर पसरला. "आत्या, मोठ्यात मोठ्या भरतीलाही डोलकाठी आणि पूल यांच्यात वीतभर जागा उरते. दुकान राहिलं."

आत्यानं चष्मा लावला. "भरतीचं पाणी कुठवर धरलंस?"

"तुमच्या पायरीच्या चार बोटं खाली."

"बरोबर," आत्या समाधानानं म्हणाली. "वीतभर उचलली म्हणून, नाहीतर बुडतच होती."

"उचलली...?"

त्याच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यानं पायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पायरीकडे. मग हळूच खाली बसला, खडी बाजूला सारली आणि विटा मोजल्या.

हिशोब त्यानंच मला समजावला, अगदी शांतपणे. पायरी वीतभर वर गेली, पण वहीत ती जुन्याच उंचीवर होती. म्हणून तिच्यावरून मोजलेलं सगळं वीतभर खाली लिहिलं गेलं. पाणीसुद्धा. म्हणजे खरं पाणी वीतभर वर, पुलाची उंची मात्र सरकारी खांबावरून ठरलेली, आणि पुलाखालची ती वीतभर जागा... नाहीच. डोलकाठी थेट पुलाला टेकणार होती.

"नकाशा साहेबांकडे गेलाय?" मी विचारलं.

"काल. माझ्या सहीनं." त्यानं नकाशाची गुंडाळी केली. "मुख्य कार्यालयातल्या जागेसाठी माझं नाव यादीत आहे. पुढच्या महिन्यात..."

तो गप्प बसला तर त्याची जागा पक्की, आमचं दुकान गेलं. बोलला तर उलटं. मी म्हणाले, "चूक माझी आहे. मी सांगते साहेबांना."

"दगड तू हलवलास. विश्वास मी ठेवला," तो म्हणाला आणि तिथेच उभं राहून त्यानं साहेबांना फोन लावला. आत्या पुटपुटली, "हात दाखवून अवलक्षण." पण तिचा आवाज ओला होता.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब स्वतः आले. पायरीजवळ उकिडवे बसले, विटा पाहिल्या, फुलीवर बोट फिरवलं.

"दगड उचलला, तरी रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही. कसा?"

मी खाली बघितलं. आत्यानं तोंड उघडलंच. "फडकं बांधून ठेवलं होतं हिनं. मला भिजलेली फळी उचलायला हात देईना, पण फुली जपत बसली."

"आत्या..." मी म्हणाले. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

साहेब त्याच्याकडे वळले. "आठवडाभर काम थांबलं तर आधी सरकारी खांबापासून पुन्हा तपासायचं. नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे, साहेब."

"मग का नाही तपासलंस? चालायचा कंटाळा?"

"नाही. खांब माझ्या खोलीजवळच आहे. ही पायरी लांब पडते."

"मग?"

तो सारखा टोपी हातात फिरवत होता. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारेल. मारली असती तर मी माफही केलं असतं.

"खांबापासून सुरुवात केली तर इथे पोचायला दुपार होते," तो म्हणाला. "पायरीपासून केली तर सकाळीच... ही भेटते."

खाडीत कुठेतरी एक इंजिन फटफटत होतं, आणि मला त्याचाही आवाज ऐकू येईनासा झाला.

साहेबांनी हातातली फाइल उघडली. "हे मी अहवालात कसं लिहायचं?"

"जसं आहे तसं लिहा," आत्या म्हणाली. "चहा घेणार?"

साहेबांनी चहा घेतला. पूल वीतभर वर जाणार, हे त्यांनी तिथेच नकाशावर लिहिलं. पुलाचे खांब अजून उभे राहिले नव्हते म्हणून बरं, म्हणाले. त्याचं नाव यादीतून गेलं. तीन आठवड्यांची सगळी मापं त्यानं सरकारी खांबापासून पुन्हा घ्यायची, आणि मग इथलं काम संपवून वीस किलोमीटर पुढच्या तळावर जायचं.

साहेब गेले. आत्याला अचानक आतल्या फळ्या मोजायची आठवण झाली. आम्ही दोघंच उरलो.

"तुला आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो ना. आपण कुणाला आवडतो हे सरकारी फाइलमधून कळलेली मी पहिलीच असेन."

"राग आला?"

"जागा गेली तुझी. मला रडू येतंय, आणि तू राग विचारतोस?" मग मी म्हणूनच टाकलं. "मला तू फार आवडतोस. आज सकाळपेक्षाही आत्ता जास्त."

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. या वेळी मध्ये दुर्बीण नव्हती, त्यामुळे मला कुठे बघावं तेच कळेना.

"पुढचा तळ लांब आहे," तो म्हणाला. "बसनं दीड तास. दर रविवारी आलो तर... चालेल?"

"नको."

त्याचा चेहरा पडला.

"मी येईन. समुद्रानं पाऊण तास लागतो. दुरुस्त केलेलं इंजिन चालवून बघावंच लागतं."

"आणि एखाद्या रविवारी एकही इंजिन बिघडलेलं नसेल तर?"

"तर शनिवारी एखादं बिघडवीन," मी म्हणाले आणि ग्रीसचा हात तसाच त्याच्या हातात दिला.