बकुळाच्या पाटीतले बांगडे

बकुळा गुणाजीच्या दारात आली ती डोक्यावर माशांची भरली पाटी घेऊनच उभी राहिली. भरली पाटी एकट्या बाईला उतरवता येत नाही, समोरून कोणीतरी हात लावावा लागतो. हे सखारामच्या ध्यानात यायला वेळ लागला. दवाखान्यातला कंपाउंडर तो. औषधाचा थेंब कधी चुकला नाही, पण माणसांच्या बाबतीत त्याची बोट कायम एक बंदर मागे!

"अरे बघत काय राहिलास? हात लाव!" गुणाजी सुर्वे पानावरून ओरडला.

गुणाजी निवृत्त फौजदार. चाकरी संपली तरी खोड गेली नव्हती, आणि रत्नागिरीतले लोकही आपली कोडी घेऊन त्याच्याच दारी येत. बायको जाऊन चार वर्षे झाली होती. घरात दुसरे माणूस नाही. तरी हा गडी जेवायला दोन पाट मांडी, दोन पाने घेई आणि माशाची पहिली तुकडी समोरच्या पानावर ठेवी. मांजरासाठी ठेवत असेल, असे सखाराम धरून चालला होता. तो स्वतः खाणावळीत जेवून येई आणि उंबऱ्यावर बसे.

पाटी खाली आली. मासळी सकाळी भरली तशीच होती.

"फौजदारानू, आळीभर फिरले. एकीनं पाटीला हात लावला नाय," बकुळा म्हणाली. "चिमाकाकीची सून सगुणा, आठवा लागलाय तिला. मंगळवारी दुपारी तिनं बांगडे खाल्लेन आणि घटकाभरात तोंड लालबुंद, अंगभर गांधी, डोकं ठणकायला लागलं, वर उलट्या. काकीनं आळीत उभं राहून माजा उद्धार केलान. म्हणे वांझेनं कुजका मासा घातलान, वांझेची नजर लागली."

"मंगळवारी बांगडे तू दिलेस?"

"नाय हो! मी दिले रविवारी सकाळी, किनाऱ्यावरनं आणले तसे. सोमवारी कोन मासळी घेतंय? आणि मंगळवारी मी पूर्णगडास भावाकडे."

"सगुणा काय म्हणते?"

बकुळाने पदर डोळ्यांना लावला. "ती गप्प. साऱ्या आळीत तीच एक माज्याशी दोन शब्द बोलायची. मला मूल नाय म्हणून दुसऱ्या बाया दारातनंच भाव करतात, ती पायरीवर बसवून पाणी द्यायची. आता तीपण गप्प. पाटी गेली तर भीक मागीन, पण ती गप्प का?"

गुणाजीने हात धुतले.

चिमाकाकीच्या घरी जाताना सखारामला राहवेना. "गुणाजी, उगीच पायपीट. मंगळवारी आमच्या डॉक्टरांनीच सगुणाला तपासलं. ते म्हणाले, विष कोणी कालवलेलं नाही, माशातच झालेलं आहे. ताज्या बांगड्यात ते नसतं. उबेत पडून राहिला की होतं, आणि मग तळा नाहीतर उकडा, जात नाही. म्हणजे बकुळानेच शिळा विकला. उघड आहे!"

"उघड आहे खरं," गुणाजी म्हणाला आणि चालत राहिला.

चिमाबाई पडवीतच भेटली. "तिचे वकील होऊन आलात काय?"

"नुसता विचारायला आलो, वहिनी. रविवारचे बांगडे कसे होते?"

"चांगले होते हो, खोटं कशाला बोलू? मी नि जनी, आम्ही दोघींनी कालवण ओरपलं. साधी ढेकर आली नाही."

"आणि मंगळवारचे?"

"मी नि जनी देवळात गेलो होतो. आलो तर ही लोळतेय, आणि पानावर बांगड्याचे काटे! कुणी दिले म्हणून विचारलं तर तोंडाला कुलूप. मागल्या दारानं ती भवानीच आली असणार."

"पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं?"

जनी म्हणजे चिमाबाईची लेक, विधवा होऊन माहेरी परतलेली. स्वयंपाक तिच्याकडे. "कालवण मी केलं," ती हलकेच म्हणाली. "बाकीचे बांगडे सगुणावहिनीनं मागून घेतले. म्हणाली, मी बघते. हळद-मीठ घेतलं, कोकमाचं आगळ घेतलं. मग अबोली माळली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि मुंबईच्या बोटीच्या वेळेला बंदरावर गेली. परत आली ती न जेवताच निजली."

"आणि मंगळवारी तुम्ही काय रांधलंत?"

"कुळथाची पिठी आणि भात. दुसरं काही नाही."

गुणाजी परसात गेला. न्हाणीच्या कडेला एक मडकी घासून उपडी घातलेली होती. त्याने ती उचलली, आत बोट फिरवले. बोटाला हळदीचा पिवळा डाग आला. सखारामला त्यात काही दिसले नाही. मडकीला हळद लागायचीच, तिच्यात पाहायचे काय?

सगुणा माजघरात भिंतीकडे तोंड करून पडली होती. विशीतली पोर. चेहरा उतरला होता, गांधी मात्र मावळल्या होत्या.

"बाळ हलतंय ना गो?"

तिने मान हलवली.

"मासा खाताना जिभेला कसा लागला?"

"चरचरला. मिरी चावल्यासारखा."

"वास?"

"आगळाचाच येत होता," ती बोलून गेली आणि दचकून गप्प झाली.

"रविवारच्या बोटीनं कोण उतरलं?"

सगुणाने पदर तोंडात कोंबला. त्या पाठमोऱ्या पोरीचे खांदे हलताना सखारामने पाहिले. साऱ्या जगात आपल्याला कोणी नाही, असे वाटणाऱ्या माणसाची ती पाठ होती.

गुणाजीने बकुळाला बोलावणे धाडले. ती आली, पण पायरीखालीच उभी राहिली, पाटी डोक्यावर तशीच. पडवीत चिमाबाई, जनी आणि दाराला टेकून सगुणा. कुंपणापलीकडे शेजारणी जमल्या होत्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते, हे काय सांगायला हवे?

"डॉक्टर म्हणतात, बांगडा शिळा होता," गुणाजीने सुरुवात केली. "बरोबर आहे. पण तो शिळा कुणाकडे झाला? बकुळा मंगळवारी पूर्णगडास होती. रविवारी तिनं दिला तो चांगला होता, हे चिमावहिनी स्वतःच सांगतात. म्हणजे तो शिळा झाला याच घरात."

"माझ्या घरात?" चिमाबाई उसळली.

"जनीताईंनी सगळे बांगडे कालवणात घातले नाहीत. उरलेले सगुणानं घेतले. हळद-मीठ, आगळ लावून मडकीत ठेवले. मडकी आत अजून पिवळी आहे. आगळाच्या वासापुढे नाकाला काय कळणार? बिचारीला वाटलं, मीठ लावलंय, टिकतील."

"पण त्याच दिवशी का नाही खाल्ले?" सखारामने विचारले.

"तिच्यासाठी नव्हतेच ते. अबोली माळून बाई बंदरावर कुणासाठी जाते? मुंबईच्या बोटीनं तिचा नवरा आत्माराम यायचा होता. आला नाही. कदाचित दुसऱ्या दिवशी येईल, म्हणून मडकी तशीच राहिली. सोमवारी मासळी खायची नाही, म्हणून अजून एक दिवस. मंगळवारपर्यंत बांगड्यात विष झालं."

"अहो, पण मग टाकून द्यायचे!"

उत्तर दिले सगुणाने.

"टाकवेना," ती म्हणाली. "परसात दोनदा नेले. हात चालेना. मग वाटलं, त्यांच्या वाट्याचं आहे, त्यांच्या लेकरानं तरी खावं. म्हणून तळले आणि खाल्ले." ती हुंदके देऊ लागली. "सांगितलं असतं तर आळी म्हणाली असती, नवऱ्याला हिची ओढ नाही. आणि पोराला मीच विष घातलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? बकुळाताई, तुझं वाटोळं होताना बघत बसले गो मी!"

कुंपणापलीकडची कुजबुज थांबली.

चिमाबाई खाली बघत होती. "मेले, मला सांगायचंस की," ती शेवटी म्हणाली. "मी काय दगडाची? रविवारी बोटीचा भोंगा वाजला, तेव्हा मीपण दारात येऊन उभी होते."

तिने डोळे पुसले. "आता बाळंतपण होईतो घरात मासळी नको."

"असं करू नका," गुणाजी म्हणाला. "ताजा मासा पोटुशीच्या अंगी लागतो. डोळा तेजदार, कल्ले लाल बघून घ्यावा, नीट शिजवावा आणि त्याच दिवशी खावा. कुणासाठी ठेवू मात्र नये."

चिमाबाई उठली. पायऱ्या उतरली. साऱ्या आळीदेखत तिने बकुळाच्या पाटीला दोन्ही हात लावले. "उतरव गो," ती म्हणाली. "बोहनी माझ्या दारात कर."

बकुळाला रडू आवरेना. पाटी दोघींच्या हातांत डुगडुगत खाली आली.

परतताना गुणाजीच्या दाराशी आल्यावर सखारामने विचारले, "मडकी मीही पाहिली. पण कुणासाठी तरी ठेवले असतील, हे तुला कसं सुचलं?"

"ठेवणाऱ्याला कळतं."

आत दोन पाने तशीच होती. समोरच्या पानावर तुकडी सुकून गेली होती. सखाराम त्या पानाकडे बघत राहिला. चार वर्षे तो या उंबऱ्यावर बसत होता, आणि त्या घरात मांजर त्याने एकदाही पाहिले नव्हते.

रात्री तो खाणावळीत गेला नाही. गुणाजीने पहिली तुकडी वाढायला घेतली, तेवढ्यात उंबऱ्यावरून उठून तो समोरच्या पाटावर जाऊन बसला. गुणाजीचा हात तसाच राहिला. जुन्या फौजदारी खाक्याने तो आता खेकसणार, असे सखारामला वाटले.

"वाढ," सखाराम म्हणाला. "गरम आहे तोवर."

गुणाजीने मान खाली घातली आणि तुकडी त्याच्या पानात वाढली.